मोठ्या ढोलाचा नाद आणि मायक्रोफोन

वाद्यवृंदांत सर्वांत मोठें वाद्य जें, तेंच ध्वनिमुद्रणांत सर्वांत लहान होऊन बसतें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या अनुभवाची असेल. शाळेच्या संचलनांत मागल्या रांगेंत पोटावर मोठा ढोल बांधून चालणारा विद्यार्थी साऱ्या पथकाचीं पावलें सांभाळीत असतो. त्याचा ठोका क्षणभर मागेंपुढें झाला तर बिगुलवाल्यांपासून झेंडेकऱ्यापर्यंत सर्वांची चाल बिघडते. परंतु त्याच संचलनाचें मोबाइलवर घेतलेलें मुद्रण संध्याकाळीं घरीं लावलें, म्हणजे बिगुल स्पष्ट ऐकूं येतात, लहान ड्रमची तडतड ऐकूं येते, टाळ्या ऐकूं येतात, आणि मोठ्या ढोलाच्या जागीं पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारावी तसा कांहींसा आवाज येतो. मुलाच्या आईबापांना आपला मुलगा दिसतो, पण ऐकूं येत नाहीं. दोन महिने दररोज शाळा सुटल्यावर तासभर केलेला त्याचा सराव त्या मुद्रणांत नसतोच.

असें कां होतें, आणि तसें होऊं नये म्हणून मायक्रोफोन कोणता घ्यावा व कोठें ठेवावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. पनवेलच्या मुलांस मोठा ढोल तीन रूपांत भेटतो. एक बँडपथकाचा, नमद्याच्या डोक्याच्या काठीनें वाजविण्याचा. दुसरा भाद्रपदांत रस्तोरस्तीं घुमणारा, एका पानावर टिपरूनें व दुसऱ्यावर हातानें वाजविण्याचा. आणि तिसरा ड्रमसेटमधील, जमिनीवर आडवा ठेवून पायाच्या दांड्यानें ठोकण्याचा, ज्यास वादक किक ड्रम म्हणतात. पायानें ठोकण्याची युक्ति जुनी असली तरी ती चपळ व व्यवहार्य झाली ती अमेरिकेंत लुडविग यांनीं १९०९ सालीं केलेल्या पायदांड्यामुळें. हात मोकळे झाले, आणि जें काम दोघांतिघांनीं करावें तें एकटा वादक करूं लागला. तिन्ही वाद्यांचें घडण्याचें तत्त्व एकच असल्यामुळें एकाविषयीं सांगितलेलें दुसऱ्यास थोड्याफार फरकानें लागू पडतें.

ढोलाचा एक ठोका म्हणजे एक आवाज, अशी आपली समजूत असते. पण लक्ष देऊन ऐकिलें तर त्यांत दोन आवाज आहेत. पहिला, काठी पानावर आदळते त्या क्षणाचा कोरडा ‘टक्’. याचीं कंपनें दर सेकंदास सुमारें दोन हजारांपासून पांच हजारांपर्यंत असतात आणि तो लगेच विरतो. दुसरा, त्यामागून येणारा ‘धुम्’, जो कानापेक्षां छातीला अधिक जाणवतो. बावीस इंच व्यासाच्या किक ड्रममध्यें याचीं कंपनें दर सेकंदास साधारण पन्नास ते ऐंशींच्या आसपास असतात. ‘टक्’ नसेल तर ठोका केव्हां पडला हें कळत नाहीं, आणि ‘धुम्’ नसेल तर तो ढोलाचा होता हें कळत नाहीं. मुद्रण करणाराची सारी कसोटी या दोहोंचें प्रमाण राखण्यांत आहे.

येथें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. पनवेलच्या उष्म हवेंत, ३० अंश तपमानास, ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४९ मीटर जातो. त्यास ६० नीं भागिलें तर ६० कंपनांच्या नादाची तरंगलांबी ५.८ मीटर, म्हणजे जवळजवळ एकोणीस फूट निघते. हाच भागाकार ४००० नीं केला तर उत्तर नऊ सेंटिमीटरांहूनहि कमी येतें. एकाच वाद्यांतून निघणाऱ्या या दोन आवाजांत एवढें अंतर आहे. एक खोलीच्या लांबीएवढा, दुसरा तळहाताएवढा. दोघांना एकाच लहानशा यंत्रानें एकाच जागीं टिपावयाचें, हें काम सोपें कसें असेल?

ढोलांतील ‘धुम्’ला निश्चित स्वर कां नसतो, असा प्रश्न तबला शिकणारीं मुलें विचारतात. ताणलेल्या साध्या कातड्याचा मूळ नाद १ धरला तर त्याचे वरचे नाद १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावांकड्या प्रमाणांत येतात. २, ३, ४ अशा सरळ पटींत येत नाहींत. म्हणून ढोल घुमतो, पण गात नाहीं. तबला व मृदंग यांवरील काळ्या शाईच्या वर्तुळामुळें मात्र हे वरचे नाद सरळ पटींच्या अगदीं जवळ येतात. ही गोष्ट सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली, आणि १९३४ सालीं तिचें सविस्तर विवेचन केलें. प्रकाशाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञास आपल्या कीर्तनांतलें वाद्य प्रयोगशाळेंत नेण्याजोगें वाटलें, हें विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

आतां मुद्रणांत ‘धुम्’ हरवतो कसा तें पाहूं. मोबाइलचा मायक्रोफोन मनुष्याचें बोलणें टिपण्यासाठीं केलेला असतो. ढोलाच्या शेजारीं नेला तर त्यास ठोका सोसत नाहीं, आणि आवाज फाटतो. शिवाय त्यांतील यंत्रणा मोठा आवाज आला कीं आपोआप पातळी खालीं ओढते व तो सरला कीं पुन्हां वर नेते. त्यामुळें प्रत्येक ठोक्याबरोबर बिगुल दबतात आणि मग उसळी घेतात. याहून मोठी फसगत ऐकतांना होते. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यांतून ६० कंपनांचा नाद जवळजवळ निघतच नाहीं. मुद्रणांत तो उत्तम उतरला असला तरी कर्णा तो देऊं शकत नाहीं, आणि दोष बिचाऱ्या मायक्रोफोनच्या माथीं येतो. म्हणून मुद्रण बरें कीं वाईट हें कानांवर घालावयाच्या चांगल्या हेडफोनवर अथवा मोठ्या स्पीकरवर ऐकिल्याशिवाय ठरवूं नये.

ही अडचण आजची नाहीं. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजान यांचें गाणें मुद्रित करते झाले, तेव्हां मायक्रोफोन नव्हताच. गाणाराने एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ ओढावयाची, अशी ती रीति होती. त्या कर्ण्यांत खालचे नाद फारच थोडे शिरत, आणि एखादा जबर ठोका शिरलाच तर सुई रेघ सोडून उडण्याची भीति. त्यामुळें पाश्चात्य मुद्रणशाळांत मोठा ढोल बहुधा बाहेरच ठेवीत किंवा अगदीं मागें नेऊन हळू वाजवावयास लावीत. १९२५ सालापासून विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें, मायक्रोफोन आला, आणि खालच्या नादांना दार उघडलें. तरीहि ढोल दूर ठेवण्याची संवय पुष्कळ वर्षें टिकली.

ती मोडल्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६६ सालीं लंडनमधील ईएमआय कंपनीच्या मुद्रणशाळेंत जेफ एमरिक या वीस वर्षांच्या तरुणानें बीटल्स या मंडळीच्या किक ड्रममध्यें एक लोंकरीचा सदरा कोंबला आणि मायक्रोफोन त्याच्या अगदीं तोंडाशीं नेला. इतक्या जवळ मायक्रोफोन नेण्यास त्या मुद्रणशाळेची मनाई होती. वाऱ्याच्या झोतानें तो बिघडेल अशी वरिष्ठांची समजूत. परंतु आवाज असा भरीव व नेटका उतरला कीं पुढें जगभर तीच रीति झाली. लोंकरीच्या सदऱ्याचें काम एवढेंच कीं पान नको तितकें घुमत राहूं नये. आपल्याकडे घडी केलेली गोधडी तेंच काम करते. मात्र ती फक्त ड्रमसेटच्या ढोलांत घालावी, आणि तीहि एका पानाला जेमतेम टेंकेल इतकीच. बँडच्या व मिरवणुकीच्या ढोलाची मौज त्याच्या घुमण्यांतच आहे. तें मारून टाकणें आम्हांस पसंत नाहीं.

मायक्रोफोनचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यांत पातळ पडद्याला तारेचें बारीक वेटोळें चिकटविलेलें असतें आणि तें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत हालतें. आवाजानें पडदा हालला कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. यास डायनॅमिक म्हणतात. हा दणकट, बाहेरची वीज न मागणारा, आणि मोठ्यांतला मोठा ठोका निमूटपणें सोसणारा असतो. दुसरा कंडेन्सर, यांत पडदा व धातूची पट्टी यांमधील सूक्ष्म अंतराच्या फरकानें विजेंत फरक पडतो. यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा तारेंतूनच द्यावा लागतो. तो बारीकसारीक आवाज फार सुरेख टिपतो, पण दमट हवेस भितो. तिसरा रिबन, म्हणजे धातूची अतिशय पातळ फीत टांगलेला. ढोलाच्या तोंडांतून निघणाऱ्या वाऱ्याच्या फटकाऱ्यानें ही फीत ताणली किंवा तुटली जाते. सबब तो ढोलाच्या जवळ नेऊं नये.

ढोलासाठीं मुद्दाम केलेले मायक्रोफोनहि मिळतात. एकेजी कंपनीचा डी १२ हा १९५० नंतरच्या दशकांतला मायक्रोफोन किक ड्रमवर फार वापरला गेला. त्याच घराण्यांतला डी ११२ १९८० नंतरच्या दशकांत आला. शूअर कंपनीचा बीटा ५२ हाहि याच कामाचा. यांचा पडदा मोठा असतो, आणि ‘धुम्’ व ‘टक्’ या दोहोंना उठाव देऊन मधल्या, खोक्यासारख्या वाटणाऱ्या नादांना किंचित् दाबावें अशी त्यांची रचनाच असते. हे घ्यावेत काय, असें पालक विचारतात. ज्याला हें काम धंदा म्हणून करावयाचें त्यानें अवश्य घ्यावा. ज्या मुलाला शिकावयाचें आहे त्यानें घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कारण हा मायक्रोफोन ढोलाखेरीज इतर कामांस फारसा चालत नाहीं. शूअरचाच एसएम ५७ (१९६५) किंवा गाण्याच्या कार्यक्रमांत सर्वत्र दिसणारा एसएम ५८ (१९६६) यांसारखा एक साधा डायनॅमिक घरीं, शाळेंत किंवा प्रार्थनामंदिरांत आधींच असेल तर तोच घ्यावा. त्यानें गाणें, भाषण, तबला आणि ढोल सर्व निभतें. उरलेल्या पैशांत चांगला हेडफोन घ्यावा. त्याचा उपयोग अधिक.

साध्या मायक्रोफोनला ‘धुम्’ कसा सांपडावयाचा? याचें उत्तर एका गुणांत आहे. समोरूनच आवाज घेणारा मायक्रोफोन नादाच्या उगमाच्या दोनचार इंचांच्या आंत नेला कीं खालचे नाद आपोआप वाढतात. व्याख्याते माईक ओठांस लावून बोलूं लागले कीं आवाज जाड व घोगरा होतो, तें यामुळेंच. भाषणांत हा दोष. ढोलाला तोच गुण. आणखी एक लहानशी गोष्ट. पुष्कळ माईकांवर किंवा मिक्सरवर खालचे नाद कापणारी एक कळ असते. निवेदकासाठीं ती कोणीतरी दाबून ठेविलेली असते आणि नंतर कोणास आठवत नाहीं. ढोलाचें मुद्रण सुरू करण्यापूर्वीं ती आधीं पाहावी.

आतां जागा. आमच्या मतें निम्मी विद्या येथें आहे. कोणताहि मायक्रोफोन लावण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें एका कानांत बोट घालावें आणि दुसरा कान घेऊन वाजत्या ढोलाभोंवतीं, दोन हातांवरून, एक फेरी मारावी. ठोका पडतो त्या बाजूस ‘टक्’ अधिक. समोरच्या पानाकडे ‘धुम्’ अधिक. कडेला लोखंडी किंवा लांकडी घेराचा पोकळ आवाज. किक ड्रमच्या पुढल्या पानास बहुधा हाताएवढें भोंक असतें. मायक्रोफोन त्यांतून आंत नेऊन, ठोका पडतो त्या जागेकडे रोखून, वीतभर अंतरावर धरिला तर ‘टक्’ तीव्र येतो. तेथून जरा तिरपा केला, किंवा भोंकाच्या तोंडाशीं ओढून घेतला, तर आवाज गोल होतो. अगदीं भोंकाच्या मधोमध मात्र धरूं नये; तेथें वारा बाहेर पडतो आणि ‘फुस्’ असा आवाज मुद्रणांत शिरतो. हातभर बाहेर आणिला तर ढोलाबरोबर खोलीहि ऐकूं येऊं लागते. एका वेळीं दोन इंचच सरकवावा, चार ठोके मुद्रित करावे, ऐकावे, लिहून ठेवावें. या चार ओळींच्या टिपणानें जें शिकावयास मिळतें तें पुस्तकांत मिळत नाहीं.

मिरवणुकीच्या ढोलाला दोन्ही पानें वाजतीं, म्हणून दोन मायक्रोफोन लावण्याचा मोह होतो, आणि तो रास्तहि आहे. परंतु येथें एक चमत्कार घडतो. टिपरूचा ठोका पडला कीं तें पान आंत दबतें, आणि आंतली हवा दुसऱ्या पानास बाहेर ढकलते. एका मायक्रोफोनचा पडदा ओढला जातो त्याच क्षणीं दुसऱ्याचा रेटला जातो. हे दोन आवाज एकत्र मिसळले कीं खालचे नाद एकमेकांस खाऊन टाकतात, आणि दोन माईक लावूनहि ढोल एका माईकपेक्षां दुबळा ऐकूं येतो. उपाय सोपा आहे. मिक्सरवर अथवा संगणकांत एका मायक्रोफोनची दिशा उलट करण्याची सोय असते. ती करून व न करून दोन्ही प्रकारें ऐकावें, आणि ज्यांत ‘धुम्’ भरीव वाटेल तो प्रकार ठेवावा. एक मायक्रोफोन जवळ व दुसरा दूर ठेवतांनाहि हीच काळजी हवी. दुसरा पहिल्यापासून २.९ मीटर मागें गेला तर ६० कंपनांच्या नादाला बरोबर अर्ध्या तरंगाचा उशीर होतो, आणि तो पहिल्यास साह्य करण्याऐवजीं त्याच्यांतून वजा होतो.

खोलीचा परिणाम असाच विलक्षण असतो. सहा मीटर लांबीच्या वर्गांत ५८ कंपनांचा नाद भिंतीपासून भिंतीपर्यंत एक पुरा तरंग होऊन बसतो. समोरच्या व मागच्या भिंतीशीं आणि खोलीच्या मध्यावर तो जोरांत ऐकूं येतो, आणि दोन्ही भिंतींपासून दीड मीटरावर जवळजवळ नाहींसा होतो. ढोल तोच, हात तोच, पण दोन पावलें सरकतांच त्याचा जीव जातो. म्हणून दूरचा मायक्रोफोन वर्गांत कोठें ठेवावा हें चालून, ऐकून ठरवावें. शक्य असेल तर मोकळें मैदान उत्तम. पथकांत दहावीस ढोल असतील तर प्रत्येकास माईक लावीत बसूं नये; वादकांच्या अर्धवर्तुळासमोर, डोक्याच्या वर, चारपांच मीटरांवर एक जोडी उभारली कीं सारे ढोल आपापल्या जागीं ऐकूं येतात.

आपल्या गांवच्या मैदानास एक अडचण आहे. एका बाजूस मुंबई-पुणें रस्ता, दुसरीकडे आगगाडीचें जंक्शन, आणि २०२५ सालीं उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळहि जवळच. अवजड मोटारींची घरघर नेमकी ढोलाच्याच नादाच्या प्रदेशांत येते. ती गाळूं जावें तर ढोलहि गाळला जातो. सकाळीं लौकर, रहदारी वाढण्यापूर्वीं मुद्रण करावें, आणि मायक्रोफोनचा खांब फरशीवर नुसता न ठेवतां खालीं जाड सतरंजी घालावी, म्हणजे जमिनींतून चढणारी धडधड कमी होते.

पावसाळ्याविषयीं स्वतंत्र सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडे ढोलाचा हंगाम आणि दमट हवा एकदमच येतात. कातडी पान ओलाव्यानें सैल पडतें व नाद उतरतो. जुने वादक डफ आणि हलगी विस्तवावर शेकून घेतात तें याचसाठीं. सकाळीं जुळविलेला ढोल दुपारीं तोच राहत नाहीं, तेव्हां दर मुद्रणापूर्वीं दोरी ताणून नाद पारखावा. प्लॅस्टिकच्या पानाला हा त्रास नाहीं, पण त्याचा ‘टक्’ अधिक कर्कश असतो. तेथें मायक्रोफोन किंचित् तिरपा धरल्यास बरें. कंडेन्सर मायक्रोफोन काम होतांच झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. डायनॅमिकला इतका लाड नको. पुसून कोरडा केला कीं पुरे.

मुद्रणाची पातळी ठेवतांना वादकास ‘हळू वाजीव’ असें सांगूं नये. सर्वांत जोराचा ठोका वाजवून घ्यावा आणि त्या वेळीं दर्शकाचा कांटा कमाल खुणेच्या दहाबारा डेसिबेल खालीं राहील असें करावें. वादक रंगांत आला कीं तालमीपेक्षां जोरानें वाजवितो, हें गृहीत धरावें. एकदां फाटलेला ठोका मागाहून कोणत्याहि युक्तीनें शिवतां येत नाहीं.

पालकांसाठीं दोन शब्द कानांविषयीं. ८५ डेसिबेल आवाजांत आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबेलांस हा वेळ निम्मा होतो. हिशेब केला तर १०० डेसिबेलांत जेमतेम पंधरा मिनिटें उरतात. आणि ढोलाच्या शेजारीं आवाज याहूनहि मोठा असूं शकतो. वाजविणाऱ्या व मुद्रण करणाऱ्या मुलांच्या कानांत फोमचे बोळे असलेच पाहिजेत. कापूस पुरत नाहीं. हेडफोनवर पारखतांनाहि आवाज बेताचा ठेवावा. सरावाची वेळ ठरवितांना शेजाऱ्यांचाहि विचार व्हावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा हा काळ रात्र धरला आहे. मागें आम्हीं मुद्रणासाठीं ‘सकाळीं लौकर’ म्हटलें, तें सहानंतर, हें सांगावयास नको.

मुद्रण झालें कीं मूळ प्रत वेव्ह स्वरूपांत, न दाबतां, दोन ठिकाणीं ठेवावी. नातेवाइकांस मोबाइलवर पाठवावयाची आटोपशीर प्रत निराळी करावी. पाठवितांना ‘हेडफोन लावून ऐका’ एवढी ओळ जोडावी. आणि मूळ प्रतीच्या नांवांतच वाद्य, वादकाचें नांव, दिनांक, जागा, मायक्रोफोन व त्याचें ढोलापासूनचें अंतर हीं नोंदवावींत. आमच्या कपाटांत जुन्या संमेलनांचीं कितीतरी मुद्रणें आहेत. त्यांवर अध्यक्षांचें व गाणारांचें नांव आहे, पण ढोल कोणी वाजविला हें एकीवरहि लिहिलेलें नाहीं.